सांभाळायला ठेवलेली चांदी



चांदी म्हटले की आपल्याला तोरड्या आठवतात, वाळे आठवतात, आणि चांदी सांभाळायला ठेवली असे म्हटले की सावकाराचे दुकान आठवते. मी आज ज्या चांदीविषयी सांगणार आहे तिला कोणत्याही सराफाने काट्यावर घेतले नसते. ती एक कुत्री होती. रंगाने तांबूस, कान उभे, शेपटीला वळण, आणि कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका. त्या ठिपक्यावरून मालकाने तिचे नाव चांदी ठेवले होते. २०२३ सालच्या डिसेंबरात ती जखमी होऊन माझ्या घरी आली आणि साडेतीन महिने राहिली. ती माझी नव्हती. हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण पुढे सगळा घोळ झाला तो मी हे विसरल्यामुळेच.

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. कुत्र्यामांजरांचा लळा मला लहानपणापासून कधीच नव्हता. किंबहुना गल्लीतल्या कुत्र्यांमुळे मी रात्री पायी फिरणे सोडले होते, हेही कबूल करतो. त्या दिवशी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराची जागा पाहून मी मोटारसायकलीवर गंगाखेडहून परभणीकडे येत होतो. उसाचे दिवस. त्या रस्त्याने हंगामात प्रवास केलेल्यांना सांगायला नको. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, वर गाणी लावलेली, आणि मागे दिवा असला तर असला. दिवस मावळायला आला होता. एका वळणावर चारपाच माणसे उभी दिसली म्हणून थांबलो. रस्त्याच्या कडेला एक बाई मांडीवर कुत्री घेऊन बसली होती, शेजारी तिचा नवरा कोयता हातात घेऊन उभा, आणि सातआठ वर्षांचा एक मुलगा मोठ्याने रडत होता. वाहन कोणते होते ते कोणी पाहिले नव्हते. कुत्रीचा उजवा मागचा पाय मांडीपासून लोंबत होता आणि घोट्याजवळचे मांस उघडे पडले होते.

ऊसतोडीची टोळी होती. जवळच्या रानात त्यांच्या कोप्या होत्या, पण तिथला फड संपला होता आणि पहाटे टायरगाड्या जुंपून टोळी पुढच्या गावाला निघणार होती. मुकादम म्हणत होता की ओढ्यात सोडून द्या, रातीतून मरून जाईल. त्या माणसाने माझ्याकडे पाहून विचारले, "सर, तुमी परभणीचे का? जनावराचा दवाखाना हाय म्हणं तिथं." मी "आहे" म्हणालो. माझी सगळी दया त्या एका शब्दापुरतीच होती. नुसती माहिती दिली होती. पण तो म्हणाला, "मंग न्या. पट्टा पडला की म्या येऊन घिऊन जातो. तवर सांभाळा."

शहरातल्या श्रोत्यांसाठी सांगतो. उसाचा हंगाम संपून कारखान्याचे गाळप बंद होते त्याला पट्टा पडला असे म्हणतात. डिसेंबरात माणूस पट्टा पडेपर्यंत म्हणतो तेव्हा तो तीनचार महिन्यांची गोष्ट बोलत असतो. त्याने बंडीच्या खिशातून शंभराच्या दोन नोटा काढून माझ्यापुढे धरल्या. मी त्या घेतल्या नाहीत. त्या वेळी मला तो माझा मोठेपणा वाटला.

तिला उचलताना मी चूक केली. पोटाखाली हात घालून सरळ वर घेतले. तुटलेल्या हाडावर ताण आला आणि तिने माझ्या मनगटाला कडकडून चावा घेतला. बाईने ताबडतोब पदराची चिंधी फाडली, कुत्रीच्या तोंडाला वरून खालून दोन वेढे देऊन मानेमागे गाठ मारली, आणि मला सांगितले की असे उचलायचे नसते. मग तिने खतांचे रिकामे पोते जमिनीवर पसरले, कुत्रीला अलगद त्यावर सरकवली, आणि दोघांनी चार टोके धरून ते उचलले. पाठीचा कणा दुखावला असला तर जनावर वाकवून उचलणे फार धोक्याचे असते, म्हणून फळी, पोते, चादर, जे सपाट मिळेल त्यावरून न्यावे, असे पुढे डॉक्टरांनीही सांगितले. अक्षरशत्रू बाईला ते आधीच ठाऊक होते. भाजीचा एक टेम्पो परभणीला चालला होता, त्यात पोते ठेवले, मी मागून निघालो.

चाव्याविषयी दोन शब्द बोललेच पाहिजेत. खेड्यापाड्यांत अजून चाव्यावर चुना, तिखट, हळद लावतात. ह्यातले काहीही लावू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवावी. पंधरा मिनिटे म्हणजे घड्याळ लावून. आपल्याला दोन मिनिटेही पंधरा वाटतात. नंतर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. लुई पाश्चरने १८८५ साली एका मुलाला पहिल्यांदा ही लस टोचली. पोटात चौदा इंजेक्शने घ्यायची जी धास्ती आपल्या वडील मंडळींना होती, ती पद्धत आता बंद झालेली आहे. आता दंडात ठरलेल्या दिवशी चारपाच वेळा टोचतात आणि अठ्ठाविसाव्या दिवशी सुटका होते. जखम खोल असेल तर जखमेच्या कडेनेही एक औषध टोचावे लागते. कुत्रे दहा दिवस धडधाकट राहिले तर चावतेवेळी त्याच्या लाळेत रोग नव्हता असे समजतात, पण त्या दहा दिवसांची वाट पाहत लस लांबवायची नसते. पिसाळीचा रोग एकदा अंगात दिसू लागला की माणूस बहुधा वाचत नाही. मी सगळ्या सुया घेतल्या.

परभणीत १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गाईबैलांसाठी आपण तिथे जातो. कुत्र्याचे क्ष-किरण चित्र काढतात, त्याला सलाइन लावतात, हे मात्र मी तोवर डोळ्यांनी पाहिले नव्हते. मांडीचे हाड मोडले होते. डॉक्टर म्हणाले, हाड सळई घालून जोडता येईल, पण घोट्याखालच्या भागाला रक्त पोचते आहे की नाही ते दोन दिवस पाहावे लागेल. तिसऱ्या दिवशी पंजा गार लागू लागला आणि चौथ्या दिवशी काळा पडला. पाय काढण्यावाचून इलाज नव्हता.

आता प्रश्न आला परवानगीचा. डॉक्टरांनी मला विचारले, "मालक तुम्हीच का?" मी नाही म्हणालो. मग मुकादमाच्या मोबाइलवर फोन लावला. तो फडात होता. दुपारी त्या माणसाचा उलट फोन आला. मी सगळे समजावून सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मागे उसावर कोयते पडल्याचा आवाज येत होता. मग त्याने एकच विचारले, "जगंल का?" मी म्हणालो, डॉक्टर म्हणतात जगेल. "मंग कापा," तो म्हणाला, आणि फोन बंद केला.

आपल्याला वाटते की पाय खराब झाला आहे तेवढाच कापावा, जितका वाचेल तितका बरा. शस्त्रक्रियेत तसे करत नाहीत. अर्धवट पाय ठेवला तर जनावर तो टेकवायला जाते, टोक जमिनीवर आपटते आणि जखम पुन्हा पुन्हा उघडते. म्हणून मांडीतून वर काढतात. दुसरी गोष्ट मला डॉक्टरांनी सांगितली तिने माझी बरीच चिंता गेली. चार पायांवर उभ्या असलेल्या कुत्र्याचा सुमारे साठ टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. त्यामुळे मागचा एक पाय गेला तर ते पुढचा गेल्यापेक्षा लवकर सावरते. आणि कुत्र्याला आपण लंगडे झालो ह्याची लाज वाटत नाही. तो त्रास माणसाचा.

भूल उतरल्यावर ती घरी आली. घरी म्हणजे आमच्या मागच्या पडवीत. आमच्या आईने स्पष्ट सांगितले होते की कुत्रे घरात येता कामा नये. आई माळकरी. मी तिला नामदेवमहाराजांची गोष्ट ऐकवली. ती गोष्ट आपल्या भागाला नवी नाही. परंपरा नामदेवांचे मूळ गाव म्हणून सांगते ते नर्सी १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होते. कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नको म्हणून. आई शांतपणे म्हणाली, "अरे, तूप वाढलं ते सगळ्यांनी पाहिलं. त्या कुत्र्याचं रातचं हागणंमुतणं कोण काढलं, ते कीर्तनात कुणी सांगत नाही."

आईचे म्हणणे पुढच्या तीन आठवड्यांत मला पुरते कळले. जखमी जनावराला घरी आणणे हे काम एका दिवसाचे आहे, शस्त्रक्रिया तासादोन तासांची आहे. त्यानंतर जे उरते ते काम कंटाळवाणे आहे आणि त्याचे कोणी कौतुक करत नाही. पहिले चार दिवस ती उठून लघवीला जाऊ शकत नव्हती. पंचा पोटाखालून घालून मागचा भार आपण उचलून धरायचा आणि तिला अंगणात न्यायचे. रात्री दोनदा, पहाटे एकदा. अंथरूण ओले राहिले तर कातडीला फोड येतात, म्हणून बारदान आणि जुन्या गोधड्या रोज धुवायच्या. गुळगुळीत फरशीवर तीन पायांचे जनावर घसरते आणि टाके तुटतात, म्हणून सगळ्या पडवीत पोती अंथरली. जखम चाटू नये म्हणून गळ्यात रुंद झापड घालावी लागते. ती आमच्याकडे नव्हती, म्हणून प्लॅस्टिकच्या बादलीचा तळ कापून, काठाला चिंध्या गुंडाळून ती गळ्यात अडकवली. बादलीतून बाहेर पाहणारे तिचे तोंड बघून आमची मुलगी पोट धरून हसली. बाराव्या दिवशी टाके निघाले तेव्हा ती बादली ओढ्यात फेकून द्यावी असे वाटले, पण बायकोने तिच्यात कढीपत्ता लावला.

औषधाचेही एक सांगून ठेवतो. जनावर विव्हळू लागले की आपण घरातली अंगदुखीची गोळी भाकरीतून देतो. मीही देणार होतो. आयबुप्रोफेनसारख्या माणसांच्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. डॉक्टरांनी लिहून दिलेलीच द्यावी, तीही वजनावरून ठरवलेली. जखमेवर रॉकेल किंवा फिनेल ओतायची चालही वाईट. त्याने उघडे मांस भाजते, आणि कुत्रे चाटत असल्यामुळे ते पोटात जाते. माश्या बसून अळ्या झाल्याच तर डॉक्टरांकडून त्या काढून घ्याव्या. खेड्यात गाईबैलांसाठी १९६२ ह्या क्रमांकावर फोन करून फिरता पशुवैद्यकीय दवाखाना बोलावता येतो. निदान कोणाकडे न्यावे हे तरी तिथे विचारता येईल. खाण्यात आम्ही ज्वारीची भाकरी ताकात किंवा दुधात कुस्करून देत होतो, एक दिवसाआड अंडे. कांदालसणाची फोडणी असलेले वरण देऊ नका. कांदा कुत्र्याच्या रक्ताला बाधतो.

आमच्या शेजारी एक सद्गृहस्थ आहेत. ते रोज सकाळी कुंपणावरून पाहत आणि म्हणत, "सर, इथं माणसाला दवाखान्यात खाट मिळंना, अन् तुम्ही कुत्र्याच्या मागं पैसे घालायलात." हा आक्षेप मी हसून उडवून देणार नाही. तो खरा आहे. मला त्यावर मोठे उत्तर सुचले नाही. एवढेच म्हणालो की चांदीला ओढ्यात सोडली असती तर त्या पैशांनी कोणा माणसाला खाट मिळाली असती असे नाही. मी त्यांतून बहुधा एक कपाट घेतले असते. ते हसले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरून ताकाचे भांडे आले.

महाविद्यालयातल्या एका सहकाऱ्यांनी दुसरा उपाय सांगितला. म्हणाले, मुंबईपुण्याला संस्था आहेत, पांजरपोळ आहेत, तिकडे पाठवून मोकळे व्हा. पांजरपोळाची कथा मोठी आहे. १८३२ साली मुंबईत सरकारी हुकुमाने भटकी कुत्री मारू लागले तेव्हा पारशी लोकांनी दंगा केला, इतर समाजांतले लोकही त्यात मिळाले, शहराचे व्यवहार बंद पडले. त्यानंतर १८३४ साली जमशेटजी जिजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ निघाला, तो आजही आहे. परळचे बाई साकरबाई पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालयही एकोणिसाव्या शतकातलेच. ही कामे फार थोर आहेत. परंतु पांजरपोळात जनावर जाते ते कायमचे. मालकाने त्याच्यावरचा हक्क सोडलेला असतो. चांदीच्या मालकाने तिला सोडले नव्हते, ठेवले होते. हा फरक त्या सहकाऱ्यांना सांगताना मला नीट कळत होता. दोन महिन्यांनी तोच मला कळेनासा झाला.

त्याचे असे झाले. जानेवारीच्या अखेरीस ती तीन पायांवर चालू लागली, फेब्रुवारीत पळू लागली. मागचा उरलेला पाय ती शरीराच्या मधोमध आणून टेकते आणि सशासारखी उडी घेत जाते. डॉक्टरांच्या सल्ल्याने, आणि मालकाला पुन्हा फोन करून विचारून, पिल्ले होऊ नयेत म्हणून तिची शस्त्रक्रियाही करून घेतली. पिसाळीची लस टोचली, तिचे कार्ड केले. कार्डावर मालकाचे नाव लिहायची जागा असते. तिथे मी माझे नाव लिहिले. लिहिताना मनात म्हणालो, पत्ता पाहिजे ना, त्यांना कुठला पत्ता. मुलीने तिच्या ताटलीवर रंगाने चांदी असे लिहिले आणि पुढे आमचे आडनाव लावले. आई देवपूजा झाल्यावर पहिली भाकरी पडवीत टाकू लागली. चांदीला लहानपणापासून कधी बांधलेले नव्हते. पहिला महिनाभर दावे तोडायला पाहणारी ती कुत्री आता दार उघडे असले तरी उंबऱ्यावर बसू लागली. एक गोष्ट मात्र गेली नाही. आमचे घर गंगाखेड रस्त्यापासून लांब नाही. रात्री उसाच्या ट्रॉल्या गाणी वाजवीत जात, तेव्हा ती झोपेतून उठून कान टवकारून उभी राही आणि आवाज संपला की परत पोत्यावर येऊन पडे.

मी हिशेब करू लागलो. कोपीत राहणारी ही माणसे. आज ह्या गावात, उद्या त्या गावात. तीन पायांची कुत्री टायरगाडीमागे किती पळेल? पुन्हा ट्रॉलीखाली आली तर? आजारी पडली तर तिथे कोण दवाखान्यात नेणार? तिच्याच भल्यासाठी तिने इथे राहावे. सहकारी म्हणाले, "अहो, कोण येतंय परत! ती माणसं विसरूनही गेली असतील." हे ऐकून मला बरे वाटले. मुकादमाचे फोन मार्चमध्ये दोनदा आले ते मी वर्गात असल्यामुळे घेतले नाहीत. वर्ग सुटल्यावर उलट फोन करता आला असता. केला नाही.

आमच्या बी. ए.च्या पहिल्या वर्षाला एक विद्यार्थी होता. गंगाखेड तालुक्यातला, आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जाणारे. हुशार मुलगा, बोलायला फार थोडा. एक दिवस तो वही द्यायला घरी आला. चांदीला पाहून खाली बसला, तिच्या कानामागे खाजवले. मी तिची हकिकत सांगितली आणि शेवटी म्हणालो, बहुधा ते लोक आता येत नाहीत. आणि आलेच तरी तिच्या दृष्टीने इथेच बरे. तो खाली पाहूनच म्हणाला, "सर, मलाबी दरसाल आजीपाशी ठिवून जायचे. चौथीपस्तोर. चार महिने, पाच महिने." थोडे थांबून म्हणाला, "येतेत, सर."

त्याच्या बोलण्यात टोचणी नव्हती. त्याने वही ठेवली, पाणी प्यायला आणि गेला. इथे ऐकणाऱ्यांत शिक्षक पुष्कळ असतील. दिवाळीनंतर वर्गातली किती मुले कमी होतात, किती हंगामी वसतिगृहात जातात, किती म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर गावात राहतात, हे त्यांना माझ्यापेक्षा अधिक माहीत आहे. कोणी शिक्षक त्या मुलांना म्हणत नाही की तुमचे आईबाप तुम्हाला टाकून गेले. मी ते कुत्रीच्या बाबतीत म्हणत होतो, आणि म्हणताना माझ्यापाशी फरशीचे घर आहे एवढाच माझा आधार होता. त्या रात्री मी मुकादमाला फोन केला. तो रागावलेला नव्हता. म्हणाला, "सर, पट्टा पडायलाय आठ दिवसांत. तुमचं घर कंच्या बाजूला, ते इचारायला फोन लावला व्हता."

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एक टेम्पो आमच्या दारासमोर उभा राहिला. आत भांडी, पत्रे, गोधड्या, दोन शेळ्या, आणि दाटीवाटीने बसलेली माणसे. चांदी उंबऱ्यावर होती. टेम्पोचे दार उघडण्याआधीच ती उठली आणि असा काही आवाज काढला की तो आम्ही साडेतीन महिन्यांत एकदाही ऐकला नव्हता. मुलगा उडी मारून खाली आला. त्याला पाय कापल्याचे सांगितलेले असावे, तरी तो आधी तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला आणि पाहत राहिला. ती थांबली नाही. तिने त्याला मातीत पाडले.

बापाने तिला हाताखाली घेतली आणि बाजारात बैल पाहावा तशी ती पाहिली. दात पाहिले, पुढचे पाय दाबून पाहिले, कापलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. "साफ कापलंय," तो म्हणाला. मी त्याला कार्ड दिले आणि सांगितले की पुढची लस वर्षाने घ्यायची आहे. कार्डावर माझे नाव होते. मी खिशातून पेन काढले, ते खोडले, आणि त्याला नाव विचारून वर लिहिले. शाई नीट वाळेपर्यंत तो कार्ड धरून उभा होता. मग त्याने ते रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवले. पिशवीतूनच त्याने पैसे काढले. पाचशेची एक नोट आणि काही सुट्या. खर्च त्याच्या किती तरी पट झाला होता, हे त्यालाही दिसत असावे. ह्या वेळी मी पैसे घेतले.

आमच्या मुलीने ताटली आणून त्या मुलाच्या हातात दिली. आडनाव तिने आदल्या रात्री घासून काढले होते. ते पुरते निघाले नव्हते. आईने भाकरीचे गाठोडे दिले. बायको आतून बाहेर आलीच नाही, ती कढीपत्त्याला पाणी घालत होती. टेम्पो गेल्यावर पडवीतली पोती गोळा करायला कोणी पुढे होईना, ती तशीच आठवडाभर राहिली.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर त्या माणसाचा फोन आला. टोळी निघायची तयारी होती. त्याने आधी आईची तब्येत विचारली, मुलीची शाळा विचारली. मग म्हणाला, "सर, चांदीचं काय करू? फडावर नेली तर गाडीमागं पळती, ऐकत नाही. गावात म्हातारी हाय, पण तिलाच दिसंना. पट्टा पडंपर्यंत तुमच्याकडं ठिवू का?" मी म्हणालो, ठेव. तो म्हणाला, "खर्चाचं आधी बोला, सर." आम्ही फोनवर महिन्याचे दोनशे रुपये ठरवले. त्याने दीडशे म्हटले होते, मी अडीचशे.

ती एका रविवारी आली. गळ्यात नवा काळा दोरा होता, सोबत ताटली आणि कार्ड. लसीची तारीख जवळ आलेली होती, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच तिला दवाखान्यात नेऊन आणले.